बर्फाचं माप : अलास्कातले आठ दिवस

माझ्याकडे बर्फाचे अकराशे फोटो आहेत आणि त्यातले हजारभर तरी गणपतीच्या मखराचे वाटतात. पूर्वी थर्माकोलची मखरं असायची ना, तशी. हे माझं नाही, नवऱ्याचं मत. पण ते बरोबर आहे, म्हणून जास्त राग येतो.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही तिघं अलास्काच्या क्रूझवर गेलो होतो. मी, नवरा आणि वन्सं. वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. वय एकाहत्तर, गेली चाळीस वर्षं व्हँकूवरजवळ राहतात. मी वन्सं म्हटलेलं त्यांना आवडत नाही ("नाटकातल्यासारखं वाटतं गं"), म्हणून मी मुद्दाम म्हणते. व्हँकूवरहून निघून जुनो, स्कॅगवे, ग्लेशियर बे, केचिकन करून परत व्हँकूवर, अशी सात रात्रींची फेरी. अलास्का अमेरिकेत असल्यामुळे कॅनडा आणि अमेरिका असे दोन्ही व्हिसा लागतात. अमेरिकेचं इमिग्रेशन व्हँकूवरच्या धक्क्यावरच उरकतं. बाकी बुकिंगचं पुराण सांगत बसत नाही.

पहिला दिवस : व्हँकूवर

दुपारी बोट सुटली. लायन्स गेट पुलाखालून जाताना धुराडं पुलाला घासणार असं वाटून सगळे डेकवर श्वास रोखून उभे होते. अर्थात घासलं नाही. माझ्या गळ्यात साधी २४-१०५ आणि पाठीवर भाड्याने आणलेली १५०-६००ची लेन्स. दोन किलोचं ते धूड बघून नवरा म्हणाला, "यापेक्षा एक मूल दत्तक घेतलं असतंस."

जेवणाचं मात्र पहिल्याच संध्याकाळी मार्गी लावून टाका. डायनिंग रूमच्या मुख्य माणसाला गाठून 'उद्यापासून भारतीय शाकाहारी' असं सांगून ठेवलं की दुसऱ्या दिवशीपासून डाळ, भाजी, भात वेगळा करून देतात. आम्ही सांगायला गेलो तर शेजारी उभा असलेला वेटर हसला आणि चक्क मराठीत म्हणाला, "पुण्याचे का?" पोरगा वेंगुर्ल्याचा. या बोटींवर गोव्या-कोकणातली मुलं पुष्कळ असतात, हे ऐकून होते. पण पॅसिफिक महासागरात कोणी 'काकी' म्हणून हाक मारील, असं वाटलं नव्हतं.

दुसरा दिवस : नुसता समुद्र

हा सगळा मार्ग बेटांच्या आडून जातो, त्यामुळे पाणी बहुतेक ठिकाणी तळ्यासारखं शांत असतं. व्हँकूवर बेट संपल्यावर मात्र थोडा पट्टा खुल्या समुद्राचा आहे आणि तिथे बोट हलते. नवरा हिरवा झाला. वन्संनी पर्समधून आलेपाकाच्या वड्या काढल्या. त्यांनी गोळ्यांपेक्षा बरं काम केलं.

दिवसभर मी बोटीची टेहळणी केली. बाल्कनीची खोली घेतली म्हणजे फोटोची सोय झाली, असं मला वाटत होतं. ते काही खरं नाही. बाल्कनीतून एकच बाजू दिसते आणि प्राणी हटकून दुसऱ्या बाजूला येतात. दुसरं म्हणजे बाल्कनीचं दार उघडं ठेवलं की खोलीतली ऊबदार हवा लेन्सच्या पुढून बाहेर जाते आणि लांबचा फोटो पाण्यातून काढल्यासारखा थरथरतो. मी अर्धा दिवस लेन्सला शिव्या दिल्या तेव्हा हे लक्षात आलं. बोटीला गोल फेरा मारणारा खालचा डेक सगळ्यात चांगला. धुराड्याच्या मागच्या बाजूला उभं राहू नये, तिथेही तेच गरम हवेचं दुखणं. ट्रायपॉड घरीच ठेवा. इंजिनाची थरथर त्याच्या पायांतून थेट कॅमेऱ्यात चढते, त्यापेक्षा आपले हात बरे.

दुपारी डॉल्स पॉरपॉइज दिसले. काळे-पांढरे, डॉल्फिनचे ठेंगणे चुलतभाऊ म्हणा. पाणी असं काही चिरत जातात की अंग दिसतच नाही, फक्त फवारा दिसतो. एकोणचाळीस फोटो काढले. एकोणचाळीसही फवाऱ्याचे.

तिसरा दिवस : जुनो

जुनो अलास्काची राजधानी, पण बाहेरून तिथे येणारा एकही रस्ता नाही. विमानाने या नाहीतर बोटीने. धक्क्यावर पॅट्सी ॲन नावाच्या कुत्रीचा पुतळा आहे. जन्माची बहिरी, तरी येणाऱ्या बोटीची चाहूल तिला गावाच्या आधी लागायची आणि ती धक्क्यावर जाऊन बसायची. १९३४ साली महापौरांनी तिला गावाची अधिकृत स्वागताध्यक्ष केलं. वन्संनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि रुमालाने तिचं भिजलेलं नाक पुसलं.

सकाळी बसने मेंडेनहॉल हिमनदी. उतरल्याबरोबर बोर्ड दिसला : अस्वलांचा भाग आहे, पायवाटेवर खाण्याच्या वस्तू आणू नयेत. माझ्या कॅमेऱ्याच्या बॅगेत लेन्सच्या शेजारी भाकरवडीचं पाकीट. टाकून द्यायची कोणाचीच तयारी नव्हती. मग बसथांब्यावर उभ्या उभ्या तिघांनी पाव किलो भाकरवडी संपवली आणि हात साबणाने धुऊन आत गेलो.

तळ्याच्या पार पलीकडच्या टोकाला हिमनदी. नवरा म्हणाला, "एवढीच?"

मलाही तसंच वाटलं होतं, कबूल करते. इथलं माहिती केंद्र १९६२ साली बांधलं तेव्हा बर्फ बराच जवळ होता. तेव्हापासून तो मागे मागे सरकतोय. उजवीकडे नगेट धबधबा दिसत होता. तोही बेताचाच वाटला. मग मी मोठी लेन्स लावली तेव्हा धबधब्याच्या पायथ्याशी रंगीत ठिपके हलताना दिसले. ती माणसं होती. एकदम सगळं मोठं झालं. धबधबा ३७७ फूट, म्हणजे सदतीस-अडतीस मजले, आणि त्यामागची हिमनदी तर विचारूच नका. बर्फाला स्वतःचं माप नसतं. झाड, माणूस, होडी, काहीतरी ओळखीचं शेजारी असल्याशिवाय डोळा फसतो आणि कॅमेरा डोळ्याहून जास्त फसतो. पुढच्या सगळ्या प्रवासात मी हे माप शोधत फिरले.

परतताना स्टीप क्रीक नावाच्या ओढ्यावर सॉकाय सालमन चढत होते. अंडी घालायला आलेले, लालभडक. लाकडी पुलावरून खाली बघतोय तर झुडपातून एक काळं अस्वल आलं, एक मासा उचलला आणि आमच्याकडे ढुंकूनही न बघता गेलं. सगळं मिळून वीस सेकंद. काळं अस्वल, गर्द सावली, कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची ताकद ताणून आयएसओ ६४००. फोटोत एक काळोख दुसऱ्या काळोखात मासा घेऊन जाताना दिसतो. पण मासा सुंदर आलाय.

दुपारी ऑक बेहून छोट्या बोटीने देवमासे बघायला. देवमाशांपासून शंभर यार्ड लांब राहायचा नियम आहे आणि आमच्या कॅप्टनबाईंनी तो काटेकोर पाळला. हंपबॅक आधी दिसत नाही, ऐकू येतो. प्रेशर कुकरची शिट्टी सुटण्याआधी जशी वाफ सुसाटते, तसा आवाज. वारा आमच्याकडे असला की मागून सडक्या मासळीचा वास. दोन-तीनदा उच्छ्वास टाकला की पाठीची कमान होते, आणि कमान झाली की बटण दाबून धरायचं, कारण आता शेपूट वर येणार. शटर १/१६०० ठेवा, फोकस सतत-माग घेणारा. आणि शेपूट वर येण्याची वाट व्ह्यूफाइंडरमधून बघू नका, एक डोळा बाहेर असू द्या. मला अकराव्या प्रयत्नात जमलं.

शेपटीच्या खालच्या बाजूची काळी-पांढरी नक्षी प्रत्येक देवमाशाची वेगळी असते, आपल्या बोटांच्या ठशांसारखी. हॅपीव्हेल नावाच्या संकेतस्थळावर फोटो दिला की ते जुन्या नोंदींशी ताडून बघतात. मी दिला. घरी आल्यावर उत्तर आलं, हा बाबा हिवाळ्यात हवाईला दिसला होता. इथले बहुतेक हंपबॅक हिवाळ्यात तिकडेच जातात, सुमारे पाच हजार किलोमीटर. "आपल्यापेक्षा कमी थांबे घेऊन," इति नवरा.

चौथा दिवस : स्कॅगवे

१८९८ च्या सुमारास क्लोंडाइकमधलं सोनं शोधायला हजारो लोक या गावात उतरले. पुढे डोंगर ओलांडून कॅनडात जायचं तर सीमेवरचे पोलीस वर्षभराची शिधासामग्री असल्याशिवाय सोडत नसत. माणशी जवळजवळ एक टन. ती वाहून नेताना सुमारे तीन हजार जनावरं मेली. त्या दरीचं नावच डेड हॉर्स गल्च. त्याच वाटेवर बांधलेली व्हाइट पासची रेल्वे आता आमच्यासारख्यांना वर नेते, बत्तीस किलोमीटरमध्ये २८६५ फूट. तीन फुटी गेज, माथेरानच्या राणीपेक्षा एक फूट रुंद, पण वळणावर स्वतःचंच शेपूट दिसण्याची गंमत तीच. चढताना डावीकडची बाकं धरा, दरी त्या बाजूला आहे.

डब्यांच्या मधल्या उघड्या सज्जावर उभं राहू देतात. काचेआडून फोटो काढण्यापेक्षा तिथे गारठलेलं बरं, म्हणून मी पूर्ण वेळ तिथेच होते. आणि तिथेच मी मूर्खपणा केला. वारा सुटलेला, रुळांवरची बारीक माती उडतेय, आणि मी लेन्स बदलली. संध्याकाळी खोलीत बघते तर प्रत्येक आभाळात तेच चार काळे ठिपके. सेन्सरवर धूळ. ब्लोअरने फुंकून फुंकून दोन गेले, दोन राहिले. "घरी गेल्यावर पुसून टाक कॉम्प्युटरवर," नवरा म्हणाला. लेन्स बदलायचीच असेल तर खोलीत बदला, निदान पाठ वाऱ्याकडे करा.

पाचवा दिवस : ग्लेशियर बे

सगळी यातायात या दिवसासाठी होती. इथे दिवसाला दोनच मोठ्या क्रूझ बोटींना परवानगी असते. सकाळी लवकर राष्ट्रीय उद्यानाची छोटी बोट आमच्या बोटीला येऊन चिकटली आणि रेंजर मंडळी चालत्या बोटीवर शिडीने चढली. त्यांच्याबरोबर एक ट्लिंगिट, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी, बाई होत्या, हूना कुळातल्या. साठीच्या, खणखणीत आवाजाच्या.

त्यांनी सांगितलं ते असं. त्यांचे पूर्वज या खोऱ्यात राहत होते, तेव्हा इथे खाडी नव्हतीच. अठराव्या शतकात हिमनदी पुढे सरकली आणि गाव सोडून पळावं लागलं. १७९४ मध्ये इंग्रज दर्यावर्दी जॉर्ज व्हँकूवरच्या मोहिमेतली माणसं इथे आली तेव्हा तोंडाशी आठेक किलोमीटरचा खळगा आणि पुढे नुसती बर्फाची भिंत. (१७९४ म्हणजे महादजी शिंदे वानवडीला वारले ते साल. मला पुण्याचा संदर्भ जोडल्याशिवाय सनावळ्या लक्षात राहत नाहीत.) १८७९ मध्ये निसर्गलेखक जॉन म्यूर येईपर्यंत बर्फ साठेक किलोमीटर आत गेला होता आणि आता शंभर किलोमीटर आत आहे. ट्लिंगिट भाषेत या खाडीच्या नावाचा अर्थच 'हिमनदीच्या जागची खाडी'. २०१६ साली त्यांच्या लोकांनी इथे, बार्टलेट कोव्हला, पुन्हा आपलं कुलगृह उभारलं. हे सांगताना त्या माइकपासून जरा लांब झाल्या.

नंतर बोट आत जाताना मी किनाऱ्यावरची झाडं बघत होते. तोंडाशी उंच स्प्रूसचं दाट जंगल. जसजसं आत जावं तशी झाडं बुटकी होत जातात, मग नुसती ऑल्डरची झुडपं, मग शेवाळ, मग उघडा दगड. जी जमीन बर्फाखालून जितकी उशिरा निघाली तितकी ती वयाने लहान. चार तासांत अडीचशे वर्षं उलटी वाचल्यासारखं.

वाटेत साउथ मार्बल बेटावर सी-लायनांचा कलकलाट. आवाजाच्या आधी वास येतो. पफिन दिसले, पण ते उडताना इतके घाईत असतात की फोटोत चोचीची नारिंगी रेघ उरते. समुद्री पाणमांजरं मात्र आदर्श गिऱ्हाईक. उताणी पडून, पंजे छातीवर जोडून, बोटीकडे बघत तरंगत राहतात. एकीच्या पोटावर पिल्लू होतं. वन्सं दुर्बिणीतून बघून म्हणाल्या, "हिची झोप झालेली नाही. माझी पहिल्या वर्षी अशीच अवस्था होती."

अकराच्या सुमारास मार्जरी हिमनदीसमोर बोट थांबली. रेंजरबाई माइकवर आकडे सांगत होत्या. चौतीस किलोमीटर लांब, दीड किलोमीटरहून जास्त रुंद, पाण्यावर अडीचशे फूट उंच. आभाळ ढगाळ होतं, त्याबद्दल लोक हळहळत होते. हळहळू नका. ढगाळ दिवशीच बर्फ खरा निळा दिसतो. दाबाने त्यातली हवा निघून गेलेली असते, घट्ट बर्फ तांबडा प्रकाश पिऊन टाकतो आणि निळा बाहेर सोडतो. कॅमेरा मात्र पांढरं बघून घाबरतो आणि सगळं राखाडी करतो, तेव्हा एक्स्पोजर एक स्टॉप वर न्या, म्हणजे उजेड दुप्पट करा.

मी तासभर फोटो काढले. सुळके, भेगा, निळ्या कपारी. स्क्रीनवर बघितलं तर सगळं सपाट. शेजारी ना माणूस, ना झाड, ना होडी. तेव्हाच नवऱ्याने खांद्यावरून डोकावून मखराचा शेरा मारला. मी साधी लेन्स लावून (खोलीत जाऊन!) सगळी भिंत एका फ्रेममध्ये घेतली. तीही मखरच, फक्त सार्वजनिक मंडळाचं.

वेंगुर्ल्याचा मुलगा ट्रेमध्ये गरम वाटाण्याचं सूप घेऊन फिरत होता. "काकी, थय मागच्या डेकार जावा, गर्दी नसता," तो म्हणाला. म्हटलं, तुझी तर मजा आहे बाबा, दर आठवड्याला हे बघतोस. तो म्हणाला, हा चौथा सीझन, पण बोट इथे असते तेव्हाच डेकवर सगळ्यात जास्त काम असतं. बघायला मिळतं ते ट्रे परत नेताना. मग त्याने ट्रे कठड्यावर टेकवला आणि मिनिटभर आमच्याबरोबर बघत उभा राहिला.

आणि माझी बॅटरी संपली. थंडीत बॅटऱ्या अर्ध्या वेळात मान टाकतात. जादाची बॅटरी अंगाजवळच्या खिशात ठेवा, माझ्यासारखी बॅगेच्या तळाशी नको. मी खाली वाकून शोधतेय तोच सगळे एकदम "ओऽ" करून ओरडले. मान वर केली तर एक सबंध सुळका घसरत होता. पूर्ण शांततेत. पाणी उसळलं, तरी आवाज नाही. मग, बघून झाल्यावर, तोफ उडाल्यासारखा धडाम. ट्लिंगिट लोक याला पांढरा गडगडाट म्हणतात. वन्सं मनात आकडे मोजत होत्या. त्या म्हणाल्या, "दीड सेकंद. म्हणजे अर्धा किलोमीटर." पदार्थविज्ञानाच्या शिक्षिका होत्या त्या, सवय जात नाही.

फोटो कोणाकडेच नाही. नवरा सूप पीत होता.

जॉन्स हॉपकिन्स हिमनदीकडे उन्हाळ्यात ऑगस्टअखेरपर्यंत मोठ्या बोटींना जाऊ देत नाहीत, तिथे तरंगत्या बर्फावर सीलच्या माद्या पिल्लं वाढवतात. लांबूनच नमस्कार केला.

सहावा दिवस : केचिकन

पाऊस. केचिकनला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरहून जास्त पडतो आणि गावाला त्याचा इतका अभिमान की धक्क्यावर भलंमोठं पर्जन्यमापक चित्र लावलंय. आम्ही महाबळेश्वरवाले, आम्हाला काय कौतुक. पण आपला पाऊस चार महिन्यांत येऊन मोकळा होतो. यांचा बारा महिने मुरवणीला घातलेला. स्थानिक माणूस छत्री घेत नाही. छत्री दिसली की समजायचं, बोटीवरचा.

कॅमेऱ्याला बाथरूममधली शॉवर कॅप घातली. महागड्या रेनकव्हरपेक्षा छान बसते. ओढ्यावर खांबांवर उभी असलेली क्रीक स्ट्रीटची लाकडी घरं, खाली गुलाबी सालमनची दाटी आणि वर ओल्या कोंबडीसारखा अंग चोरून बसलेला टकला गरुड. अमेरिकेचं राष्ट्रीय मानचिन्ह इतकं केविलवाणं दिसू शकतं, हे या सहलीतलं सगळ्यात आवडतं दृश्य. बाहेरून ऊबेत आलात की कॅमेरा तासभर बॅगेतच बंद राहू द्या, नाहीतर लेन्सला आतून घाम फुटतो.

सातवा, आठवा आणि त्यानंतर

सातवा दिवस पुन्हा समुद्रात. पत्ते खेळलो, वन्सं जिंकल्या. आठव्या दिवशी सकाळी व्हँकूवर. वेंगुर्ल्याच्या मुलाला उरलेल्या आलेपाकाच्या वड्या दिल्या.

गेल्या रविवारी मार्जरीचा तो सार्वजनिक मंडळाचा फोटो उघडला. म्हटलं, एखादा तरी धड करून भिंतीवर लावू. बर्फाच्या भिंतीवर काळे ठिपके. स्कॅगवेची धूळ! पुसायचं टूल घेतलं आणि एकेक ठिपका टिपायला लागले. बरेच टिपून झाल्यावर वाटलं, धूळ तर दोनच ठिपके उरली होती, आणि तीही आभाळात. फोटो शंभर टक्के मोठा केला. ठिपक्याला पंख होते.

किटिवेक. कावळ्याएवढे कुरव, मार्जरीच्या शेजारच्या कड्यावर त्यांची वसाहत आहे. रेंजरबाईंनी सांगितलं होतं, मी तेव्हा बॅटरी शोधत होते. नवऱ्याला हाक मारली. तो खुर्ची ओढून बसला, पक्षी मोजला : पंख पसरून सात पिक्सेल. भिंत साडेपाचशे पिक्सेल. पंखांची लांबी मीटरभर धरून त्याने कागदावर त्रैराशिक मांडलं. पंचाहत्तर मीटरच्या आसपास. म्हणजे अडीचशे फूट. मग तो बराच वेळ त्या फोटोकडे बघत राहिला आणि मखराबद्दल काही बोलला नाही.

मी अकरा पक्षी पुसले होते. कंट्रोल-झेड दाबत दाबत एकेक परत आणला.